खांदा बसला तरच घ्या : बारीक अंगाच्या बायकांची कोल्हापुरातली कपडेखरेदी

‘बसतंय की ताई! बाजूनं एक शिलाई मारली की झालं.’

महाद्वार रोडला जा, राजारामपुरीत जा, नाहीतर गांधीनगरला जा, बारीक अंगाच्या बाईला हे वाक्य ऐकायला मिळतंच. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. रॅकवर जे सगळ्यात लहान आहे ते तो काढून दाखवतो आणि आपल्या परीनं वाट सुचवतो. पण ती एक शिलाई कुठं मारायची आणि कुठं ती मारून काहीच उपयोग नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.

मावसबहिणीच्या लग्नासाठी मी असाच एक अनारकली घेतला होता. लेबलवर ‘एम’, माझ्या छातीला सहा इंच सैल. शिंप्यानं दोन्ही बाजूंनी दाबून दिला. छाती बसली. पण मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल भाग, काखेखाली तसाच लोंबत राहिला, पुढची जरीची वेल बाजूच्या शिलाईत गेली आणि खांदा उतरत उतरत दंडावर आला. अख्खं लग्न मी एका हातानं ओढणी आणि दुसऱ्या हातानं गळा सावरत काढलं. घरी आल्यावर तो ड्रेस आणि मला नीट बसणारा एक जुना सुती कुर्ता पलंगावर शेजारी शेजारी पसरला आणि टेपनं मोजला. छातीत आता काहीच फरक उरला नव्हता. खांद्यात मात्र अडीच इंचांचा फरक होता.

त्या दिवसापासून मी खरेदीला एकच कसोटी लावते. खांदा बसला तर कपडा घ्यायचा, बाकीचं शिंपी बघून घेईल. खांदा उतरत असेल तर रंग कितीही मनात भरला तरी परत ठेवायचा. छाती, कंबर, घेर, उंची, बाहीची लांबी या सगळ्या सरळ शिलाया आहेत, आत घेता येतात. खांदा कमी करायचा म्हणजे बाही पूर्ण उसवायची, मुंढा नव्यानं कापायचा आणि बाहीचा गोल कमी करून परत जोडायची. तयार कपड्यावर हे काम नीट करणारा कारागीर विरळा, आणि ज्याला जमतं तो त्याचे पैसे नवा कुर्ता शिवल्याइतके घेतो.

आपलं माप दुकानात का नसतं

हे एकदा समजून घेतलं की दुकानात राग येत नाही आणि वेळही वाचतो. घाऊक बाजारात कुर्ते सुटे मिळत नाहीत, सेटनं मिळतात. एका डिझाइनच्या सेटमध्ये बहुतेक वेळा चार नग असतात : एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. दुकानदाराला अख्खा सेट उचलावा लागतो. एखाद्या सेटमध्ये ‘एस’ आला आणि तो महिनोन्महिने हँगरवर लटकत राहिला, तर पुढच्या खेपेला तो ‘एस’ नसलेलाच सेट आणतो. आपण मात्र दारातूनच ‘आपल्या मापाचं नसणार’ म्हणून परत फिरतो. मागणी त्याच्या कानावर जातच नाही. म्हणून काही घेतलं नाही तरी बाहेर पडताना तोंडानं सांगा, ‘छत्तीसचा कुर्ता ठेवत जा, मी घेईन.’

दुसरी गोष्ट लेबलची. कुर्त्यांवर ३४, ३६, ३८ असे आकडे असतात. काही कंपन्या तो आकडा तयार कुर्त्याच्या छातीचा धरतात, काही तो घालणाऱ्या बाईच्या अंगाचा. त्यामुळे एका कंपनीचा ३६ आणि दुसरीचा ३६ यांत तीन इंचांचा फरक सहज निघतो. आपल्याकडे बरेच तक्ते परदेशी मापांवरून उचललेले आणि मग ज्यानं त्यानं आपल्या अंदाजानं बदललेले. भारतीय शरीरांवरून स्वतःचा तक्ता तयार व्हावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, ‘इंडिया साइज’ नावाची पाहणी हाती घेतली. सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, असं तिचं उद्दिष्ट. तो तक्ता दुकानातल्या प्रत्येक लेबलपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर लेबल वाचून ठरवू नका, टेप लावून ठरवा.

घरी : टेप, एक मापाचा कुर्ता आणि एक चिठ्ठी

शिंप्याकडे जाताना आपण मापाचा ब्लाउज नेतोच. तीच पद्धत तयार कपड्यांना लावायची. कपाटातला असा एक कुर्ता निवडा, जो घातल्यावर दिवसभर कुठंही ओढावा लागत नाही. नवा नको, चार-पाच धुण्यांतून गेलेला हवा. तो इस्त्री करून टेबलावर सपाट पसरा आणि मापं घ्या.

खांदा : मागच्या बाजूनं, एका बाहीच्या जोडापासून दुसऱ्या बाहीच्या जोडापर्यंत सरळ. छाती : एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, मग दुप्पट. कंबर आणि सीट (नितंबांवरचा घेर) तशीच, दुप्पट करून. मुंढा : खांद्याच्या टोकापासून काखेपर्यंत सरळ खाली. बाहीचा घेर दंडापाशी. गळ्याची रुंदी, दोन्ही खांद्यांच्या शिलायांमध्ये. शेवटी उंची.

मग कुणाला तरी मदतीला घेऊन अंगाची मापं घ्या. खांद्याच्या मापासाठी मदतनीस लागतेच, स्वतःचं स्वतः घेतलं की अर्धा-पाऊण इंच हमखास चुकतं. माझी चिठ्ठी अशी आहे : अंगाची छाती ३०, कंबर २४, सीट ३३, खांदा १३, दंड साडेआठ. तयार कुर्त्याची छाती साडेबत्तीस, बाहीचा घेर साडेदहा.

अंगाच्या आणि कपड्याच्या मापातला फरक नीट लक्षात घ्या. न ताणणारं कापड असेल, म्हणजे कॉटन, लिनन, रेशीम, तर छातीला अंगापेक्षा दोन ते तीन इंच जास्त हवेत. श्वास, हात वर करणं, गाडी चालवणं, सगळं त्यात येतं. टी-शर्टासारखं ताणणारं होजियरी कापड असेल तर अंगाइतकं किंवा इंचभर जास्त पुरतं. बारीक बायका बऱ्याचदा याच्या उलट करतात. अंग झाकावं म्हणून पाच-सहा इंच सैल घेतात. सैल कापड हाडांवरून लोंबतं आणि आतला माणूस आहे त्याहून अर्धा दिसतो.

चिठ्ठीवर तारीख घाला आणि सहा महिन्यांनी परत मोजा. काही न करता कंबर-छाती उतरत चालली असेल, भूक मंदावली असेल, दम लागत असेल, तर कपड्यांचं राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, मधुमेह, क्षय यांत वजन असं नकळत घटतं. लहानपणापासूनच अंगकाठी शेलाटी असेल आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर मात्र तालमींच्या आणि दूधकट्ट्यांच्या या गावात कुणीही ‘खात जा की जरा’ म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नका.

कोल्हापुरात कुठं काय बघायचं

महाद्वार रोड आणि आसपासच्या गल्ल्यांत माल भरपूर, भाव करायला वाव, पण बऱ्याच लहान दुकानांत ट्रायल रूम नाही. इथं चिठ्ठी आणि टेप घेऊनच जायचं. मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते. त्या दिवशी दुकानदाराला चार कुर्ते उलगडून मोजायला सांगितलं तर तो तरी काय करणार? इतर दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. गाडी लांब लावून चालत गेलेलं बरं.

राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरची शोरूम आणि मॉलमधली दुकानं हा ट्रायलचा प्रदेश. देशभर दुकानं असलेल्या ब्रँडांकडे ‘एक्सएस’ मिळण्याची शक्यता जास्त, कारण त्यांचा माल सेटनं येत नाही. रॅकवर नसेल तर काउंटरवर सांगा, दुसऱ्या शाखेतून मागवून देतात. आणखी एक फायदा आपल्या बाजूचा आहे. पावसाळ्यात आणि संक्रांतीच्या सुमारास हंगामाअखेरचे सेल लागतात. तेव्हा मधली मापं पहिल्या दोन दिवसांत संपतात आणि उरतात ती अगदी लहान आणि अगदी मोठी. मी सेलला मुद्दाम दुसऱ्या आठवड्यात जाते.

गांधीनगरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथं आपण चुकीच्या आशेनं जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तिथंच सिंधी कुटुंबं वसली आणि त्यांनी कापडाची ही मोठी पेठ उभी केली. आजही तिचा कणा घाऊक व्यापार. तयार कुर्ते बघायला गेलात तर तेच एम-एल-एक्सएलचे सेट समोर येतात, आणि घालून बघायची सोय क्वचितच. पण तागे, ड्रेस मटेरियल, अस्तर, परकराचं कापड यांसाठी गांधीनगरसारखी जागा नाही. आपल्यासारखीनं तिथं कापड घ्यायला जावं.

दुकानात उभं राहिल्यावर

पहिली गोष्ट बोलण्याची. ‘माझ्या मापाचं काही आहे का हो?’ असं विचारलंत की समोरचा माणूस तुमच्याकडे वरून खालपर्यंत बघतो आणि मग तुमच्या जेवणाखाण्यावर बोलणं येतं. ‘छाती साडेबत्तीस ते छत्तीस, खांदा साडेतेराच्या आत, असे कुर्ते दाखवा’ म्हणा. आकडा सांगितला की बोलणं कपड्यावर राहतं. मी हे सुरू केल्यापासून दुकानदारांचा सूरच बदलला. कित्येकांनी आपणहून टेप काढून दिला.

ट्रायल रूम नसेल तर कुर्ता काउंटरवर सपाट पसरून आधी खांदा मोजा. चिठ्ठीपेक्षा अर्धा इंच जास्त असेल तर चालेल, पाऊण इंचाला विचार करा, एक इंच असेल तर परत द्या. मग मुंढा. तो फार खोल असेल तर बाजू कितीही दाबा, काखेत पिशवी राहते. छाती सगळ्यात शेवटी मोजा. तिथं तीन-साडेतीन इंच जास्त असले तरी घाबरू नका, तेवढे निघतात. चारच्या पुढं गेलं की बाजूचे कट पुढं सरकतात, खिसा असेल तर तो पोटावर येतो, आणि माझ्या अनारकलीसारखी वेल शिलाईत जाते. म्हणून छातीवर भरगच्च काम असलेला कुर्ता मापाच्या जवळचाच घ्यावा. साधा किंवा सगळीकडे सारखी छपाई असलेला असेल तर दाबायला मोकळीक जास्त.

ट्रायल रूम असेल तर आरशासमोर नुसतं उभं राहू नका. दोन्ही हात डोक्यावर न्या. कुर्ता सगळाच्या सगळा वर आला तर मुंढा खोल आहे. मग स्टुलावर बसा आणि स्कूटीचं हँडल धरल्यासारखे हात पुढं करा. पाठीत ताण आला तर खांदा कमी पडतोय, गळा पुढं लोंबला तर गळा रुंद आहे. आपली गळ्याची हाडं वर असतात, त्यामुळे रुंद गळा पुढं वाकलं की उघडा पडतो. बोट नेक, डीप बोट आणि मागं खोल गळा यांबाबत मी फार सावध असते. मागं नाडी बांधलेला खोल गळा एकवेळ चालतो, कारण नाडी ओढून खांदा जागेवर आणता येतो.

बिनबाह्यांच्या कुर्त्यासाठी एक युक्ती आहे, ती मला शनिवार पेठेतल्या एका शिंपीकाकांनी शिकवली. मुंढा उघडा पडत असेल तर बाजू दाबू नका. खांद्याच्या शिलाईवर अर्धा इंच उचलून घ्या. गळा आणि मुंढा दोन्ही एकदम वर येतात, आणि बाही नसल्यामुळं काही उसवावं लागत नाही. दहा मिनिटांचं काम.

पैसे देण्याआधी विचारून ठेवा : बदलून मिळेल का, किती दिवसांत, आणि टॅग काढला तर? घरी येऊन टॅग न काढता दिवसाच्या उजेडात पुन्हा घाला, तेव्हा ठरवा. ठेवायचा ठरला की आधी धुवा, मगच शिंप्याकडे द्या. कॉटन आणि रेयॉन पहिल्या धुण्यात आटतात. आधी फिटिंग केलं आणि मग आटलं तर कपडा वाया जातो. आटणं आपल्या पथ्यावर पडणारं आहे, त्याला त्याचं काम आधी करू द्यावं.

जीन्स, पँट, लेगिंग

जीन्सची कंबर आपल्याकडे बऱ्याच दुकानांत २८ पासून सुरू होते. २६ विचारल्याशिवाय काढत नाहीत. इथं कसोटी खांद्याची नाही, सीटची आणि मांडीची. ती बसली आणि फक्त कंबर मागं उभी राहत असेल तर घ्या. मागच्या मधल्या शिलाईतून पट्टा कापून दीड इंच आत घेता येतं. त्याहून जास्त घेतलं तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटतात आणि ते बेढब दिसतं. जीन्स फिटिंगला देताना पट्टा कापून घ्यायला सांगा. नुसत्या दोन्ही बाजूंच्या चुण्या घेतल्या की पट्टा कमरेवर टोचतो.

लेगिंग पिंढरीवर सैल पडते, घोट्याशी गोळा होते. त्यापेक्षा सरळ सुती पँट, सिगारेट पँट, नाहीतर कमी घेराची सलवार. पलाझोचा घेर फार असेल तर वारा सुटला की त्यात पाय हरवतात. मला स्वतःला मागं इलॅस्टिक आणि पुढं सपाट पट्टा असलेली पँट सगळ्यात सोयीची वाटते.

मोठ्या मुलींचा विभाग

‘ताई, वरच्या मजल्यावर लहान मुलींचं बघा’ असं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. मी चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी बाई आहे. मला कार्टूनचा शर्ट घालून ऑफिसला जायचं नाही. पण राग बाजूला ठेवून सांगते, काही वस्तू तिथंच चांगल्या मिळतात. १३-१४ आणि १५-१६ वर्षांच्या मापातले साधे टी-शर्ट, स्वेटर, जर्किन, ट्रॅक पँट. जीन्समध्ये बऱ्याचदा आतून बटणाचं इलॅस्टिक असतं, कंबर हवी तेवढी आवळता येते. आणि रेनकोट! कोल्हापूरच्या पावसात बायकांचा ‘फ्री साइज’ रेनकोट घालून गाडीवर बसलं की तो शिडासारखा फुगतो. मोठ्या मुलींचा रेनकोट अंगाबरोबर राहतो. फक्त बाहीची लांबी मनगटापर्यंत येते का ते बघा.

कुर्ते, ब्लाउज, छातीला बसणारे टॉप तिथं घेऊ नका. ते कपडे छाती आणि कमरेत फरक नाही असं धरून कापलेले असतात. बाई कितीही बारीक असली तरी तिचं अंग बाईचं असतं.

आतले कपडे

याबद्दल कुणी बोलत नाही, आणि वरचा कपडा न बसण्याचं निम्मं कारण इथंच असतं. छातीखालचा घेर टेपनं घट्ट मोजा. बारीक अंगाला तो २७-२८ भरतो, म्हणजे ब्रा ३० किंवा २८ ची हवी. दुकानात ३२ पासून पुढं असते म्हणून आपण ३२ ए घेतो. ती पाठीवर वर चढते, पट्ट्या खांद्यावरून घसरतात. ३२ ए कपात बसते पण घेरात ढिली होते, अशी तक्रार असेल तर ३० बी मागा. कपाचा आकार तोच राहतो, घेर कमी होतो. ३० मागून मिळते, २८ साठी सांगून ठेवावं लागतं.

नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. वापरून इलॅस्टिक सैल पडेल तसं आत सरकायचं. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर बसत असेल तर तो घेर तुमचा नाही. विक्रेत्या बायका असलेलं दुकान शोधा, मोकळेपणानं बोलता येतं. आधी एकच नग घ्या, दोन आठवडे वापरा, मग बाकीचे. आणि ड्रेसची ट्रायल किंवा शिंप्याकडचं माप त्याच ब्रावर द्या, जी त्याखाली घालणार आहात.

शिंप्याला काय सांगायचं

‘फिटिंग करून द्या’ एवढं सांगून निघून येऊ नका. कुर्ता उलटा घाला, बाजूंना टाचण्या लावून घ्या, आणि त्या टाचण्यांवर खडूची खूण होईपर्यंत तिथंच थांबा. ‘काखेतून बाहीसकट एकाच शिलाईत घ्या’ असं सांगा. बाहीपासून सीटपर्यंत एक सलग रेघ यायला हवी. फक्त धड दाबलं आणि बाही सोडली तर काखेत चुणी येते. दोन्ही बाजूंनी सारखंच घ्यायला सांगा. घाईत एकाच बाजूनं घेतलं की मधली पट्टी कलते.

आतलं मार्जिन कापू नका म्हणावं, इंचभर राहू द्यावं. पुढं अंग भरलं तर उसवून सोडता येतं. अगदी झिरझिरीत कापड असेल तरच कापून ओव्हरलॉक करावं, नाहीतर आतली घडी बाहेरून दिसते.

कापड घेऊन शिवलं तर

शेवटी मी इथंच पोचले, आणि आता माझे निम्म्याहून जास्त कपडे शिवलेलेच असतात. बारीक बाईला कापड किती कमी लागतं हे दुकानदार सांगत नाही, शिंपीही सवयीनं अडीच मीटर सांगतो. हिशोब करून बघा. ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड. माझ्या सरळ कुर्त्याचा पुढचा भाग मार्जिन धरून खालच्या घेराला २१ इंच, मागचा तेवढाच. दोन्ही शेजारी शेजारी एकाच लांबीत बसतात. कुर्त्याची उंची दुमड धरून ४२ इंच, बाह्यांसाठी आणखी १८, त्याही शेजारी शेजारी. एकूण ६० इंच, म्हणजे दीड मीटरहून थोडं जास्त. आटण्याची सूट धरून पावणेदोन मीटरमध्ये तीन-चतुर्थांश बाह्यांचा कुर्ता होतो. घेरदार किंवा कळ्यांचा असेल तर हे गणित लागू नाही. पण ताग्याच्या शेवटी उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, आणि ते आपल्याला पुरतात. एखाद्या मोठ्या अंगाच्या बाईला ते घेता येत नाहीत.

कापड अंग धरणारं निवडा. जाडसर कॉटन, खादी, लिनन, मंगलगिरी. ही कापडं स्वतःच्या बळावर उभी राहतात. जॉर्जेट, शिफॉन, पातळ रेयॉन अंगाला चिकटतात आणि हाड न् हाड दाखवतात. घ्यायचीच असतील तर सुती अस्तर लावून. कॉटनला हलकी खळ केली की धुतलेला कुर्ताही नव्यासारखा उभा राहतो.

नव्या शिंप्याकडे पहिलाच चांगला तुकडा देऊ नका. मांजरपाटाचा स्वस्त तुकडा द्या, त्याचा एक कच्चा कुर्ता किंवा ब्लाउज शिवून घ्या, अंगावर चढवून खुणा करा, आणि त्यावरून कागदी फर्मा कापून ठेवायला सांगा. बरेच शिंपी ३२ चा फर्मा घेऊन सगळीकडून दाबतात. छाती तिसावर येते आणि खांदा बत्तिसाचाच राहतो. आपला फर्मा वेगळा असला की हा प्रश्न संपतो, पुढच्या वेळी फोन करून सांगितलं तरी काम होतं.

साडीच्या ब्लाउजला हे दुपटीनं लागू. तयार ब्लाउज ३४ पासून, आत मार्जिन ठेवून सैल करता येतील असे शिवलेले असतात. आपल्याला उलटं हवं असतं. कटोरीचा कट, म्हणजे छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला, मी टाळते, कारण छाती भरलेली नसेल तर कटोरीचे कोपरे पोकळ राहतात. चार टक्सचा (छातीला आकार देणाऱ्या चुण्यांचा) ब्लाउज, टक्स उथळ घेऊन, किंवा मऊ पॅड घातलेला प्रिन्सेस कट. आखूड बाहीचा घेर दंडाला लागून घ्या, किंवा बाही कोपरापर्यंत न्या.

परकर सहा कळ्यांचा शिवून घ्या. सरळ कापडाच्या परकराचा सगळा घेर नाडीत गोळा होऊन कमरेवर जाड वळकटी तयार होते, कळ्यांचा परकर वर सपाट आणि खाली घेरदार राहतो. साडी साडेपाच मीटर असतेच, कंबर मात्र चोवीस. त्यामुळे निऱ्या खूप होतात आणि पोटावर फुगतात. प्रत्येक निरी जराशी रुंद घ्या, पदर गुडघ्यापर्यंत सोडा. इरकल किंवा सुती साडी यात फार छान बसते.

शिंप्याकडे जायची वेळही महत्त्वाची. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत कुणाला टाचण्या लावत बसायला सवड नसते. आषाढात लग्नं नसतात, गौरी-गणपतीची घाई सुरू व्हायची असते, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि दुकानात तुम्ही एकट्याच असता. फर्मा करून घ्यायचा असेल तर तेव्हा जा.

आणि ज्या दुकानात एकदा नीट बसणारा कपडा मिळाला तिथं आपली चिठ्ठी आणि फोन नंबर ठेवून या. महाद्वार रोडवरच्या ज्या दुकानात मला पूर्वी ‘बसतंय की’ ऐकावं लागायचं, तिथूनच आता वर्षातून तीन-चार वेळा फोन येतो : ‘ताई, ह्या खेपंला छत्तीसचा सेट आलाय. खांदा मोजलाय मी, साडेतेरा हाय. बाजूला काढून ठिवू काय?’